संध्याकाळच्या चहाला घरी

१

दूरच्या प्रवासाला पैसा लागतो, जवळच्या सहलीला डोकं लागतं. हे माझं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे आणि सगळ्यांना त्याचा कंटाळाही आलेला आहे. तरी मी ते बोलतो. मुटारेला राहून ज्याला रविवारी कुठे जावं असा प्रश्न पडतो, त्याने खुशाल घरात बसून जांभया द्याव्यात. आमच्या गावातून कुठल्याही बाजूला गाडी काढा, थोड्याच वेळात डोंगर तरी लागतो नाहीतर पाणी.

माझे नियम साधे. सकाळचा चहा घरी, संध्याकाळचा चहा घरी. मधल्या वेळात जेवढं जाऊन येता येईल तेवढंच जायचं. सावली आधी बघायची, देखावा मागून. बसल्या जागेवरून आपली गाडी दिसली पाहिजे. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे शनिवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसायचा मान माझा. अंडी उकडायची माझ्या थोरल्या बहिणीने, सेकाईने. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. कोंबडी तळायची माझ्या बायकोने. मक्याच्या लाह्यांची पिशवी सांभाळायची शमिसोने, आणि ती चढ लागायच्या आत रिकामी करायची.

शमिसो माझी मुलगी. सहा वर्षांची, एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बऱ्याच टोमण्यांनंतर झालेली. ती झाली त्या दिवसापासून माझी बायको 'शमिसोची आई' झाली आणि मी 'शमिसोचे बाबा'. आमच्याकडे तसंच असतं. पहिलं मूल झालं की आईबापांची नावं पेटीत ठेवून देतात. माझ्या बायकोने तर ते नाव इतकी वाट पाहून मिळवलं होतं की भाजीवालीने चुकून जुन्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे.

२

त्या रविवारी आम्ही बुंबाच्या डोंगराच्या चढावर गेलो. झाड मी आधीच हेरून ठेवलेलं होतं: माझांजे या रानफळाचं, पसरट, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. खाली पिकलेल्या फळांचा सडा पडला होता. बायकांनी चटई अंथरली. शमिसोने एक फळ उचललं, साल फोडली, गर चोखला आणि तोंड वाकडं केलं.

"शी. आंबट आहे," ती म्हणाली. "किडकं आहे. घाणेरडं झाड."

सेकाईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. रानातलं फळ गोड लागलं तर खावं, नाही लागलं तर गुपचूप टाकावं, पण त्याला नावं ठेवू नयेत. नावं ठेवली की रान वाट लपवतं. आमच्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. शमिसोलाही होतं. पण तिची जीभ तिच्या आधी धावते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सेकाई गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीच्या टाळ्या वाजवत झाडाला म्हणू लागली, "पोर आहे, पोटात घाला. पोर आहे."

"ताई, अगं वाट लपवायला इथे वाट आहेच कुठे?" मी म्हणालो. "डांबरी रस्ता आहे. तो कुठे पळणार?"

"तू गप रे नकाशेवाल्या."

शमिसोची आई हसली. मग खालून धुकं वर सरकायला लागलं. बुंबाला धुक्याचं नवल नाही. मी सामान आवरायला सांगितलं. तेवढ्यात शमिसोला लघवीला झाली, ती झाडामागे गेली. आईने हाक मारली तेव्हा 'ओ' आली, आणि ती परकराची नाडी बांधत धुक्यातून बाहेर आली. गाडीत बसली. रस्ता आपल्या जागेवर होता. वाट चुकली नाही, वळणसुद्धा चुकलं नाही. संध्याकाळच्या चहाला आम्ही घरी होतो, आणि मी सेकाईला ते दोनदा बोलून दाखवलं.

३

चहा झाला तरी शमिसोने बूट काढले नव्हते. एरवी ती फाटकातच बूट भिरकावते आणि आईच्या शिव्या खाते. आज ती दाराजवळच्या खुर्चीवर, अगदी कडेवर, पाय जुळवून बसली होती. पाहुणी बसते तशी.

"बूट काढ की," मी म्हणालो.

"आपण घरी कधी जायचं?" तिने विचारलं.

आम्ही तिघंही हसलो. दमली आहे, झोप डोळ्यांवर आली आहे. "घरीच आलो की गं बाळा," तिची आई म्हणाली. शमिसोने एकदा छताकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि मान डोलावली. मोठी माणसं काही तरी चुकीचं बोलतात पण त्यांना उलट बोलायचं नसतं, तेव्हा मुलं डोलावतात तशी.

बूट घालूनच झोपली. झोपेत काढायला गेलो तर तिने पाय आखडून घेतले.

सकाळी चहापावाची बशी पुढे ठेवल्यावर तिने हात जोडून हलकी टाळी वाजवली आणि म्हणाली, "आभारी आहे, आई." आमच्यात मुलांना हे शिकवतातच. शमिसोलाही आम्ही सहा वर्षं शिकवत होतो आणि ती सहा वर्षं विसरत होती.

"बघ, सुधारली," मी सेकाईला म्हणालो.

 सेकाईने स्वतःचा चहाही घेतला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

४

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मीही तेच म्हणत होतो. या वयाची मुलं खेळ करतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने महिनाभर स्वतःला मांजर मानलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिचे डोळे, जीभ, छाती तपासली आणि "पोरगी ठणठणीत आहे, बापालाच जरा झोपेची गोळी द्या" म्हणाल्या. शाळेतल्या बाई तर खूश होत्या. हल्ली फार शहाण्यासारखी वागते, म्हणाल्या.

पण घर लहान असतं. तीन खोल्यांच्या घरात माणूस काय करतंय हे भिंतीआडूनही कळतं. पाण्याचा पेला कुठल्या फळीवर असतो हे तिला ठाऊक होतं, पण ती विचारल्याशिवाय घेत नसे. न्हाणीघरातला दिवा लावायला तिचा हात आधी भिंतीच्या उजवीकडे जाई. तिथे काही नाही, बटण डावीकडे आहे. मग ती थांबे, आणि डावीकडे लावी. रोज. दुपारी खिडकीशी बसून ती रस्त्यावरच्या गाड्या ऐकत असे. गाडी जवळ आली की मान वर व्हायची, गाडी पुढे गेली की खाली.

एके दिवशी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि शिक्षकी आवाजात विचारलं, "बरं, मला सांग, तुझं घर कुठे आहे?"

"दांगम्वुराला. चर्चच्या मागे. हिरवं फाटक आहे."

"मग हे काय आहे? दांगम्वुरा. चर्चच्या मागे. फाटक कुठल्या रंगाचं आहे?"

"हिरवं," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला शपथेवर सांगता येईल की तिला माझी कीव आली. "हो. अगदी असंच आहे."

त्या आठवड्यात तिला ताप आला. मी शाळा बुडवून दुपारभर उशाशी बसलो, कपाळावर ओला फडका बदलत राहिलो. तापात ती "बाबा, बाबा" करत होती. "मी आहे ना," मी म्हणालो. तिने डोळे उघडले. "तुम्ही नाही," ती म्हणाली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्या हातावर हात ठेवला.

५

मग मी मला येतं ते केलं. सहली आखल्या.

तिला घर शोधायचं आहे ना, तर शोधू द्यावं. सगळे रस्ते शेवटी आपल्याच फाटकाशी येतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की खूळ जाईल. असा माझा हिशेब. एका रविवारी धरणावर गेलो, एका रविवारी मुराहवाच्या टेकडीवर. येताना वेगळा रस्ता, जाताना वेगळा. ती पुढच्या सीटच्या मधून मान काढून रस्ता पाहत राही. परतताना तिचा चेहरा फुलत जाई: चर्च आलं, वळण आलं, फाटक दिसलं. गाडी थांबे. ती दारातून आत डोकावे, एक वास घेतल्यासारखं करी, आणि फूल मिटावं तसा तो चेहरा मिटे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आमचं चाललं होतं. कळसा कुणाचा, एवढंच कळत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी टेबलावर नकाशा उघडला होता. बायको अंगणाच्या पायरीवर बसून शमिसोच्या वेण्या घालत होती. दर शनिवारी घालते. वेणी संपली, पोरगी आभार मानून सेकाईकडे गेली, तरी बायको तिथेच बसून होती. कंगवा हातात.

"शमिसोची आई, उद्या ओडझीकडे जाऊ या का?" मी विचारलं.

"मला त्या नावाने हाक मारू नका."

मी नकाशावरून मान वर केली.

"सहा वर्षं मी ती मान या दोन गुडघ्यांमध्ये धरली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "केस ओढले की शमिसो खांदा वर करते, शिव्या देते, उठून पळते. तो खांदा माझ्या हातांना पाठ आहे. ही मान माझ्या हातांच्या ओळखीची नाही. गोड पोर आहे. दुखलं तरी हूं की चूं करत नाही. पण माझी नाही."

"काहीतरीच बोलू नकोस. तोच चेहरा, तोच तीळ..."

"सगळं तेच आहे. मी कुठे नाही म्हणते?" तिने कंगव्यातले केस काढून बोटाला गुंडाळले. "ही इथे बूट घालून बसली आहे ना दाराशी? तशीच माझी कुठेतरी बसली असेल. लोकांच्या घरात. कधी घरी जायचं म्हणून विचारत असेल, आणि लोक हसत असतील. आपण हसलो तसे."

मी पुष्कळ बोललो. आरसा, भास, ताण, डॉक्टर. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येईना. माणूस बुडताना हातपाय मारतो, तितकाच अर्थ त्याला होता. शेवटी मी विचारलं, "मग काय म्हणून हाक मारू तुला?"

"माझं नाव आहे. एनेसी."

मी ते नाव उच्चारलं. जीभ अडखळली. सेकाई दारात येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"उद्या ओडझीला नाही जायचं," ती म्हणाली. "जिथे माफी मागायची राहिली आहे तिथे जायचं."

या वेळी तिने मला नकाशेवाल्या म्हटलं नाही.

६

रविवारी सकाळी गाडी सुरू झाली ती नेहमीसारखी किंचाळतच. आमच्या निळ्या गाडीचा बेल्ट ढिला आहे, आणि सुरू होताना ती डुकरावर पाय पडल्यासारखी ओरडते. पोरीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तरी ती आपणहून, सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. लाह्यांची पिशवी तिने एनेसीच्या हातात ठेवली.

"तुम्ही खा," ती म्हणाली. "मला नको."

बुंबाच्या चढावर धुकं आमच्या आधीच पोचलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला लावली; झाडाशी गेल्यावर मी वळून पाहिलं तर ती दिसत नव्हती. माझांजे अजून पडत होते. मध्येच एखादं फळ पाचोळ्यावर टपकायचं. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

सेकाईने कमरेची गाठ सोडून पूर्वजांना वाहायची तपकीर काढली आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवली. गुडघे टेकले. एनेसी तिच्या शेजारी बसली. मी, भूगोलाचा मास्तर, त्यांच्या मागे बसलो. मला लाज वाटली नाही.

"आजोबांनो, पणजोबांनो," सेकाई म्हणाली, "पोर चुकलं. आम्ही हसलो. हे लेकरू ज्यांचं आहे त्यांना द्या. आमचं आम्हाला द्या. दुसरं काही मागत नाही."

आम्ही टाळ्या वाजवू लागलो. बायकांची ओंजळीची, माझी सपाट पंजांची. झाडापलीकडून, धुक्यातून, टाळ्या परत येऊ लागल्या. प्रतिध्वनी, मी मनात म्हणालो. डोंगरात येतोच. मी तो दरवर्षी सातवीला शिकवतो.

सेकाईने हात खाली घेतले. आम्ही दोघांनीही घेतले.

पलीकडच्या टाळ्या चालूच राहिल्या. दोघींच्या ओंजळीच्या, एकाच्या सपाट. मग त्याही थांबल्या, आणि एका पुरुषाने हाक मारली, "शमिसो."

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर माणसाला तो परका वाटतो. मलाही वाटला. कोण हा, म्हणून मी एनेसीकडे पाहिलं. 

"तुमचा आहे," ती म्हणाली.

"शमिसो," पुन्हा हाक आली. त्या आवाजात रडू होतं. मी असा कधी रडलेलो नाही, पण रडलो असतो तर तसाच.

पोरगी उठली. एवढ्या आठवड्यांत तिला मी पहिल्यांदाच मनापासून हसताना पाहिलं. "बाबा आले," ती म्हणाली. मग तिला आमची आठवण झाली. ती वळली, गुडघे वाकवले, दोन हात जोडून टाळी वाजवली. जेवूखाऊ घातलं, औषधपाणी केलं, त्याबद्दल आभार. एनेसीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडलं.

मी तिचा हात धरला. तिला अडवायचं नव्हतं मला. मला एवढंच हवं होतं की हिने जावं आणि तिने यावं, या हाताने द्यावं आणि त्या हाताने घ्यावं. नुसतं दिलं आणि पलीकडून कुणी आलंच नाही, तर? मी बाप आहे. मला तेवढी खात्री हवी होती.

म्हणून मी ओरडलो, "ती इथे आहे. आमची आधी पाठवा."

७

पलीकडे सगळं गप्प झालं.

तो गप्पपणा मला अजून ऐकू येतो. पाचोळ्यावर एक फळ पडलं. मग पाय वाजले, पळणारे, ठेचकाळणारे. एका बाईने काहीतरी विचारलं. तो आवाज ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या एनेसीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. गाडीचं दार आपटलं. दुसरं आपटलं. धुकं क्षणभर विरळ झालं आणि खाली रस्त्यावर निळ्या पत्र्याचा तुकडा दिसला, आमची गाडी जिथे उभी होती त्याच्या बऱ्याच अलीकडे.

गाडी सुरू झाली. किंचाळत.

जुन्या गाड्या सगळ्याच किंचाळतात, असं मी अजूनही स्वतःला सांगू शकलो असतो. पण त्या किंचाळण्याच्या आत दुसरं एक किंचाळणं होतं. एक लहान मुलगी ओरडत होती, सोडा मला, हात सोडा, चावेन, आणि मग शिव्या, आमच्या गल्लीत ऐकून पाठ केलेल्या, एकीमागून एक. ती मुलगी गप्प बसून कुणाचंही काही ऐकून घेणारी नव्हती.

"शमिसो," एनेसी म्हणाली. ती उठली आणि धुक्यात पळत सुटली. सेकाई तिच्या मागे.

मी जागचा हललो नाही. माझ्या हातात हात होता. तो सोडला असता तर ही पोरगीही पळाली असती, आणि मग माझ्याकडे तीही उरली नसती.

काय झालं ते मला समजलं होतं. समजायला काही अवघड नव्हतं. धुक्यातून मला कुणी माझ्याच आवाजात ओरडून सांगितलं असतं, आमची आधी पाठवा, तर मी काय केलं असतं? समोर जे मूल असेल ते बखोटीला धरून उचललं असतं, गाडीत कोंबलं असतं आणि मागे न बघता घर गाठलं असतं. पुन्हा त्या डोंगराचं नाव काढलं नसतं, बायकोने पाय धरले तरी नाही. तोही आता येणार नाही. मी त्याला चांगला ओळखतो.

गाडीचा आवाज उतारावर लहान होत गेला. एका वळणाला बंद झाला, पुढच्या वळणाला पुन्हा आला, मग आलाच नाही. पोरगी शेवटपर्यंत ऐकत उभी होती.

"ते का गेले?" तिने विचारलं.

"घाबरले."

"कुणाला?"

"मला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. धुक्यातून सेकाई वर येताना दिसली, तिच्यामागे एनेसी, चप्पल एकाच पायात. दोघींबरोबर कुणी नव्हतं.